बेडका निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, तरीही टीबी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टीबी आणि एचआयव्ही या विषयावर वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मला फुप्फुसाचा टीबी निघाला. पहिल्याच भेटीत एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला सांगितली. माझे वागणे तसे नाही, त्यामुळे मनाला फार लागले. ही तपासणी सगळ्यांनाच सांगतात का?

हो, सगळ्यांना सांगतात आणि सांगायलाच हवी. तुमच्या वागण्याशी तिचा काही संबंध नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. संबंध आहे तो टीबीचा जंतू शरीरात कसा राहतो याच्याशी.

हा जंतू श्वासावाटे आत गेला तरी बहुतेकांना आजार होत नाही. फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण एकट्याने मारू शकत नाहीत. सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना बळ देतात, भोवती आणखी पेशी गोळा होतात आणि जंतूंभोवती एक बारीक गाठ तयार होते. आतले काही जंतू मरतात, काही वर्षानुवर्षे तसेच कोंडून पडतात. हा सुप्त संसर्ग. एचआयव्ही नसलेल्या माणसात अशा सुप्त संसर्गाचा पुढे आजार होण्याची शक्यता सगळ्या आयुष्यात मिळून ५ ते १० टक्के असते. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील, तर जवळपास तेवढीच शक्यता दर वर्षी असते. कारण सरळ आहे. कोंडी धरून ठेवणाऱ्या ज्या सीडी४ पेशी, नेमक्या त्याच एचआयव्ही संपवतो.

दुसरी गोष्ट, एचआयव्हीबरोबर येणारे इतर बरेच संसर्ग सीडी४ पेशी खूप घटल्यावरच दिसतात. टीबी मात्र त्या चांगल्या असतानाही डोके वर काढतो. आतापर्यंत ज्याला कसलाच त्रास नव्हता, त्याच्या एचआयव्हीची पहिली खूण टीबीच असू शकते. तपासणी निगेटिव्ह आली तर विषय तिथे मिटला. पॉझिटिव्ह आली तर टीबीच्या गोळ्यांसोबत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, कधी सुरू करायची, इतर संसर्ग टाळायला कोट्रायमॉक्साझोल द्यायचे, कोणती औषधे एकमेकांना चालतात, हे सगळे पहिल्या दिवसापासून ठरवता येते. उशिरा कळले तर हेच काम घाईत आणि आजार बळावलेला असताना करावे लागते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. मध्यंतरी त्याच्या गोळ्या सुटल्या होत्या. आता तीन आठवडे संध्याकाळी ताप येतो, वजन सहा किलोने उतरले आहे, खोकला मात्र फारसा नाही. बेडका दोनदा निगेटिव्ह आला, एक्स-रेही स्वच्छ आहे. तरी डॉक्टर टीबीचा संशय सोडायला तयार नाहीत. उगाच औषधे चालू होतील का?

डॉक्टर बरोबर आहेत. कृपया त्यांचा पाठपुरावा सोडू नका.

टीबीत फुप्फुसाचे जे नुकसान दिसते, ते बरेचसे शरीराने जंतूशी केलेल्या झुंजीमुळे झालेले असते. प्रतिकारशक्ती दणकट असेल तर जंतूंभोवतीची गाठ मोठी होते, तिचा मधला भाग मरून चोथ्यासारखा भुसभुशीत होतो, मग पातळ होतो आणि एखाद्या श्वासनलिकेत फुटतो. मागे राहते ती पोकळी. एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या भागात काळा गोल आणि भोवती पांढरी जाड कड दिसते ती हीच. पोकळीत हवा खेळते, त्यामुळे जंतू तिथे कोट्यवधींनी वाढतात आणि प्रत्येक खोकल्याबरोबर बेडक्यात येतात.

सीडी४ पेशी (रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे) २००च्या खाली गेलेल्या माणसात ही झुंजच नीट होत नाही. गाठ धड बांधली जात नाही, पोकळी पडत नाही, म्हणून बेडक्यात जंतू कमी येतात आणि खोकलाही कमी असतो. जंतू मात्र मोकाट असतात. ते रक्तातून लसिकाग्रंथी, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, मेंदूची आवरणे असे कुठेही जाऊन बसतात. अशा वेळी एक्स-रेवर खालच्या भागात पुसट डाग, छातीच्या मध्यावर सुजलेल्या ग्रंथी, फुप्फुसाभोवती पाणी किंवा सगळीकडे बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके दिसतात. काहींच्या एक्स-रेत तर काहीच दिसत नाही. स्वच्छ एक्स-रे पाहून इतरांच्या बाबतीत जितके निर्धास्त होता येते, तितके इथे होता येत नाही.

आता ‘निगेटिव्ह’ शब्दाचा नेमका अर्थ पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या जीनएक्स्पर्ट या यंत्राला सुमारे १३० पुरतात, त्याच्या ‘अल्ट्रा’ या सुधारित काडतुसाला १५-१६. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, १० ते १०० जंतू पुरतात, पण ‘वाढ नाही’ असे ठामपणे सांगायला सहा आठवडे थांबावे लागते. तुमच्या भावाचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल, तर त्या अहवालातून एवढेच कळते की जंतू काही हजारांपेक्षा कमी आहेत. म्हणून पहिला प्रश्न विचारा, तपासणी कोणत्या पद्धतीने झाली? जीनएक्स्पर्ट झाले नसेल तर ते करून घ्या. त्यातच रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही कळते, आणि उत्तर दोन तासांच्या आत मिळते.

त्याच्यासारख्या रुग्णासाठी लघवीची एक साधी तपासणी आहे. टीबीच्या जंतूच्या कवचातला एलएएम नावाचा घटक लघवीत उतरतो. पट्टीवर ६० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम थेंब-दोन थेंब लघवी टाकायची आणि २५ मिनिटांनी रेघ पाहायची. सीडी४ जितक्या कमी तितकी ही पट्टी जास्त उपयोगी, १००च्या खाली सगळ्यांत जास्त. एचआयव्ही नसलेल्यांत ती फारशी कामाची नाही, कारण त्यांच्या लघवीत एवढा घटक उतरतच नाही. पट्टी पॉझिटिव्ह आली तर टीबीचे उपचार लगेच सुरू करायचे. निगेटिव्ह आली तर मात्र टीबी नाही असे धरायचे नाही. मानेत किंवा काखेत गाठ लागत असेल तर तिच्यातून सुईने काढलेला नमुना, छातीत पाणी असेल तर ते पाणी, असे जिथे आजार दिसतो तिथूनच नमुना घेऊन तपासायचा.

एचआयव्ही नसलेल्या माणसाला आपण म्हणतो, दोन आठवडे खोकला टिकला तर तपासा. एचआयव्ही असेल तर ही दोन आठवड्यांची अट नाही. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री दरदरून घाम, यांतले एकही लक्षण, कितीही दिवसांचे असो, टीबीच्या तपासणीला पुरेसे आहे. श्वासाचा वेग मिनिटाला ३०च्या वर, नाडी १२०च्या वर, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर किंवा आधाराशिवाय चालता न येणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अशा रुग्णात पुरावा हातात यायची वाट पाहत बसणे हेच जिवावर बेतते, म्हणून अनुभवी डॉक्टर लक्षणांवरून औषधे सुरू करतात आणि नमुने सोबतच पाठवतात.

प्रश्न : बेडका तपासायला दिला तर ‘नमुना योग्य नाही’ असे म्हणून परत पाठवले. बेडका द्यायचा तरी कसा?

डबीत बहुधा तोंडातली लाळ गेली असेल. ती पातळ, फेसाळ असते. बेडका घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढरा असतो. सकाळी उठल्यावरचा सर्वांत चांगला, कारण तो रात्रभर साठलेला असतो. साध्या पाण्याने चूळ भरा. उघड्या हवेत, इतरांपासून लांब उभे राहा. खोल श्वास घेऊन काही सेकंद रोखून धरा आणि सोडा, असे दोनदा करा. तिसऱ्या श्वासाला पोटापासून जोर लावून खोका आणि जे येईल ते थेट डबीत थुंका. ३ ते ५ मिलिलिटर म्हणजे चमचाभर नमुना हवा. झाकण घट्ट लावा, बाहेर ओघळ नको. लगेच पोहोचवता आला नाही तर थंड जागी ठेवा. बेडका येतच नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो आणता येतो. एचआयव्ही असलेल्यांत याची गरज बऱ्याचदा पडते.

प्रश्न : एचआयव्ही असेल तर टीबीची औषधे जास्त कडक आणि जास्त महिने घ्यावी लागतात, असे ऐकले. खरे आहे का?

खरे नाही. औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीला दोघांनाही तेच सहा महिने. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पुढचे चार महिने आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर साधारण वर्षभर, तेही दोघांना सारखेच.

मात्रा वजनावर ठरते. प्रौढांना दर किलोमागे आयसोनियाझिड ५ मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन १०, पायराझिनामाइड २५ आणि इथॅम्ब्युटॉल १५ ते २०. चार औषधांच्या एकत्रित गोळीत अनुक्रमे ७५, १५०, ४०० आणि २७५ मिलिग्रॅम असतात. ४५ किलोच्या माणसाला तीन गोळ्या दिल्या की आयसोनियाझिड २२५ आणि रिफाम्पिसिन ४५० पोटात जाते, म्हणजे नेमके किलोमागे ५ आणि १०. म्हणून दर महिन्याला वजन करायचे. औषध लागू पडल्यावर वजन भराभर वाढते आणि गोळ्यांची संख्या मात्र जुनीच राहते, ही चूक फार वेळा होते.

फरक पडतो तो रोजच्या डोसात. एकेकाळी आठवड्यातून तीनदा औषधे देण्याची पद्धत होती. एचआयव्ही असलेल्यांत त्या पद्धतीने टीबी उलटण्याचे आणि जंतू रिफाम्पिसिनला निर्ढावण्याचे प्रमाण जास्त दिसले. म्हणून डोस रोज, एकही दिवस न चुकवता. शक्यतो उपाशीपोटी घ्या, अन्नाने रिफाम्पिसिन कमी शोषले जाते. मळमळ फारच होत असेल तर थोडे खाऊन घ्या, पण घ्या.

रिफापेंटीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा उपचारही आता उपलब्ध आहे. तो १२ वर्षांपुढच्यांना देतात. एचआयव्ही असल्यास सीडी४ १००च्या वर असावे लागतात.

बरे होत आहे की नाही हे पाहायला जीनएक्स्पर्ट वापरू नका, ते मेलेल्या जंतूंचाही अंश पकडते. सूक्ष्मदर्शकाची तपासणी किंवा कल्चर वापरतात. आणि ज्यांचा बेडका सुरुवातीलाच निगेटिव्ह होता, त्यांच्यात ताप, भूक आणि वजनाचा काटा हीच खरी मोजपट्टी.

प्रश्न : टीबी आणि एचआयव्ही दोन्ही एकदम निघाले. इतक्या गोळ्या एकदम कशा घ्यायच्या? आधी टीबी पूर्ण बरा करून मग एआरटी घेतली तर चालेल का?

नाही. सहा महिने थांबणे धोक्याचे आहे. सीडी४ कमी असताना एआरटीशिवाय काढलेल्या महिन्यांत मृत्यूचे प्रमाण वाढते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी स्पष्ट दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेची आताची शिफारस अशी की आधी टीबीची औषधे सुरू करायची आणि सीडी४ कितीही असोत, दोन आठवड्यांच्या आत एआरटी जोडायची. याला अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. तिथे चार ते आठ आठवडे थांबतात, कारण कवटीच्या आत सूज वाढायला जागाच नसते.

औषधांची जुळणी हा या उपचारातला सगळ्यांत नाजूक भाग आहे. रिफाम्पिसिन यकृतातली औषधे फोडणारी यंत्रणा जोरात चालू करते, त्यामुळे दुसरी औषधे रक्तात टिकत नाहीत. एचआयव्हीवरचे डोल्युटेग्राव्हिर एरवी ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा घेतात. रिफाम्पिसिन चालू असताना ते दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यावे लागते. सकाळी ८ वाजता एआरटीची, डोल्युटेग्राव्हिर असलेली तीन औषधांची एकत्रित गोळी घेतली तर रात्री ८ वाजता डोल्युटेग्राव्हिरची एकटी ५० मिलिग्रॅमची गोळी. रिफाम्पिसिन संपल्यावरही ही दुसरी गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवायची, कारण यकृताचा वेग हळूहळू उतरतो. ती ‘जादाची’ समजून आधीच सोडतात आणि विषाणू पुन्हा वाढतो. लोह, कॅल्शियम किंवा पित्तावरच्या अँटासिडच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला बांधून टाकतात, म्हणून डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या.

एचआयव्हीवरचेच दुसरे औषध, इफाविरेन्झ ६०० मिलिग्रॅम, रिफाम्पिसिनसोबत चालते. अॅटाझानाव्हिर, दारुनाव्हिर यांसारखी औषधे चालत नाहीत. ती घेणाऱ्यांना रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसाही रिफाम्पिसिनमुळे उरत नाही, दुसरे साधन वापरा. दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडची औषधे दाखवा, पाकिटासकट. नुसती नावे सांगताना गफलत होते.

प्रश्न : टीबीच्या औषधांनी ताप गेला होता, वजन वाढत होते. एआरटी सुरू करून तीन आठवडे झाले आणि मानेतली गाठ दुप्पट झाली, ताप परत आला. औषधे लागू पडत नाहीत असे वाटून मी सगळी बंद केली आहेत. आता काय करू?

आजच डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्या देखरेखीखाली औषधे पुन्हा चालू करा. बंद करणे हीच यातली मोठी चूक. एआरटीने सीडी४ वाढू लागल्या की सैन्याला जाग येते आणि इतके दिवस दुर्लक्षित राहिलेल्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही, ते तुटून पडते. त्या झुंजीची सूज म्हणजे तुमची गाठ आणि ताप. डॉक्टर याला ‘आयरिस’ म्हणतात. एआरटीनंतर पहिल्या तीन महिन्यांत, सीडी४ फार कमी असलेल्यांत हे जास्त दिसते.

पण हे आयरिसच आहे असे गृहीत धरू नये. गोळ्या चुकल्या आहेत का, जंतू रिफाम्पिसिनला दाद न देणारा आहे का, दुसरा एखादा संसर्ग आहे का, हे आधी तपासतात. ते नसल्याची खात्री झाली की दोन्ही औषधे चालू ठेवून सूज उतरवायची. जास्त त्रास असेल तर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड देतात, गाठीत पू झाला असेल तर सुईने काढतात. सीडी४ १००पर्यंत असलेल्यांना एआरटीबरोबरच त्याच गटातले प्रेडनिसोन ४० मिलिग्रॅम दोन आठवडे आणि २० मिलिग्रॅम पुढचे दोन आठवडे दिल्यावर आयरिसचे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. हे औषध स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका. डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे किंवा धाप असेल तर रात्र काढू नका.

प्रश्न : लघवी लाल होते, पायांना मुंग्या येतात. कोणत्या त्रासाला घाबरायचे?

लाल-नारिंगी लघवी रिफाम्पिसिनच्या रंगामुळे, निर्धास्त राहा. मुंग्या आयसोनियाझिडमुळे येतात आणि एचआयव्ही असलेल्यांत जास्त. त्या टाळायला पायरिडॉक्सिन रोज १० ते २५ मिलिग्रॅम पहिल्या दिवसापासून देतात. सांधे दुखले तर कारण बहुधा पायराझिनामाइड.

घाबरायचे ते दोन गोष्टींना. इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग ओळखायला येईना किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. दुसरी गोष्ट यकृत. भूक मरणे, सतत उलट्या, डोळे पिवळे, लघवी चहासारखी काळपट, असे दिसले तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. लक्षणे असताना एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) कमाल मर्यादेच्या तिपटीवर किंवा लक्षणे नसताना पाचपटीवर गेले तर औषधे थांबवतात आणि ते उतरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. एचआयव्ही असलेल्यांत दोषी औषध शोधणे अवघड जाते. कोट्रायमॉक्साझोल आणि इफाविरेन्झही यकृताला किंवा त्वचेला त्रास देऊ शकतात, त्यामुळे अंदाजाने एखादी गोळी वगळू नका.

प्रश्न : पतीला टीबी आहे, मला एचआयव्ही. मी वेगळी भांडी वापरते. एवढे पुरेल का? आणि टीबी होऊच नये म्हणून काही घेता येते का?

भांडी वेगळी ठेवून काही साधत नाही. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, स्पर्शाने पसरत नाही. खोकल्याबरोबर उडालेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात, त्यांतून पसरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, पतीने खोकताना तोंड झाकावे, मास्क लावावा, सुरुवातीचे काही आठवडे वेगळ्या खोलीत झोपावे. औषधे लागू पडली की संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने घटते.

प्रतिबंधक उपचार तुम्ही जरूर घ्यावा. आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम रोज सहा महिने हा जुना मार्ग. आयसोनियाझिड ९०० आणि रिफापेंटीन ९०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, असे एकूण १२ डोस, हा छोटा मार्ग. गर्भार असाल तर रिफापेंटीनचा मार्ग नको. एचआयव्ही असताना त्यासाठी ट्युबरक्युलिनची त्वचा-चाचणी सक्तीची नाही. सीडी४ फार कमी असले तर संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येते.

एक अट मात्र कटाक्षाने पाळायची. प्रतिबंधक गोळ्यांआधी खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम या चारांपैकी एकही लक्षण नाही याची खात्री करायची. आजार चालू असताना एकटे आयसोनियाझिड दिले तर त्याला दाद देणारे जंतू मरतात, न देणारे थोडे उरतात आणि तेच वाढतात.

प्रश्न : सहा महिने पूर्ण केले. पुन्हा टीबी होईल का?

होऊ शकतो, दोन प्रकारे. जुनेच उरलेले जंतू जागे होतात किंवा बाहेरून नवा जंतू येतो. टीबी फार पसरलेल्या ठिकाणी, एचआयव्ही असलेल्यांत नव्याने लागण होण्याचे प्रमाण मोठे असते. एआरटी न चुकवणे हा त्यावरचा सगळ्यांत मोठा आधार. उपचार संपल्यावर प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हेही डॉक्टरांना विचारा. चारपैकी एखादे लक्षण परत आले तर नवा नमुना द्या आणि कल्चरही मागा. एकदा टीबी होऊन गेलेल्यांत जुन्या मेलेल्या जंतूंच्या अंशामुळे जीनएक्स्पर्ट कधी कधी पुसट पॉझिटिव्ह येते. जिवंत जंतू आहे की नाही, हे कल्चरनेच कळते.